झाडाचं शेवटचं नाव

आमच्या ऑफिसात लोकांनी स्वतःच्या मुलांच्या नावांचा जेवढा विचार केला नसेल, तेवढा विचार करून स्क्रूच्या भोकांना नावं देणारा एक माणूस होता. वाघमारे हे त्यांचं आडनाव, पण ते फक्त पगाराच्या चिठ्ठीवर. बाकी वेळी ते झाडवाले काका. तेलुगू आणि दखनी बोलणारी मंडळी त्यांना ‘पेडवाले साब’ म्हणायची. नव्या माणसाला वाटायचं, यांच्याकडे बागेचं खातं असेल. बाग कसली, आमच्याकडे धड एक कुंडीही नव्हती.

आम्ही हातात मावणाऱ्या यंत्रांची घरं बांधायचो. तिकिटं फाडायचं यंत्र, विजेचं मीटर वाचायचं यंत्र, असली. आतलं सर्किट दुसरे लोक करायचे. त्या सर्किटला, सेलना आणि काचेच्या पडद्याला सामावून घेणारं प्लास्टिकचं कवच कॉम्प्युटरवर घडवायचं, हे आमचं काम. तुम्ही एक खड्डा केलात, एक खांब उभा केलात, एक कोपरा गोल केलात, की पडद्याच्या डाव्या बाजूला त्या प्रत्येक गोष्टीची एक ओळ उमटते. ओळीखाली ओळ, फांदीतून फांदी. या यादीला सगळे ‘ट्री’ म्हणतात. नावं कॉम्प्युटर आपली आपण देतो, खड्डा बारा, खांब सव्वीस, आणि जगभरातले लोक ती तशीच सोडून देतात. काका सोडत नसत. प्रत्येक ओळीवर जाऊन ते मराठीत नाव लिहायचे, आणि ते नाव म्हणजे बहुधा एक अख्खं वाक्य असायचं. ‘इथून हात जातो’, ‘हा कोपरा आधी जमिनीला लागू द्या’, ‘लक्ष्मीनं सांगितलेली खाच’. एका नावावर मी पहिल्याच आठवड्यात पोट धरून हसले होते: ‘याचं कारण विसरलो, पण काढू नका’.

सुरुवातीला कॉम्प्युटरला देवनागरी येत नव्हती, नुसते चौकोन दिसायचे. काकांनी सिस्टिमवाल्याच्या मागे लागून, त्याला घरचे धपाटे खाऊ घालून, सहा महिन्यांत ती बसवून घेतली. मराठीतच का, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, “ज्या भाषेत शिव्या सुचतात, त्याच भाषेत कारण सुचतं, पाटलीणबाई. इंग्रजीत लिहाया बसलो की नुसतं शुद्ध लिहिलं जातं.”

पाटलीणबाई मी. आमचं घराणं बीदरकडचं शेतकऱ्याचं, आजोबांच्या काळात हैदराबादेत आलेलं. काकांचे वडील नांदेडकडून रेल्वेत खलाशी म्हणून काचीगुड्याला आले आणि पुढे बरकतपुऱ्यात स्थिरावले. दोन्ही गावांत तेव्हा कुणी कुठल्या विहिरीवर पाणी भरायचं ते ठरलेलं होतं. त्यामुळे काकांच्या त्या हाकेत थट्टा होती आणि थट्टेच्या खाली थोडं जुनं काहीतरीही होतं. आम्ही दोघांनी ते कधी उकरलं नाही. डबे मात्र पहिल्या दिवसापासून एकत्र उघडले. माझं शिक्षण नारायणगुड्याच्या इंग्रजी शाळेतलं. मराठी घरात बोलायची तेवढीच. वाचताना जोडाक्षर आलं की मी अडखळायची. काका म्हणायचे, “तुम्ही पाटलाच्या असून अंगठेबहाद्दर, अन् आमच्या घरात बाबासाहेबांनी पहिल्या दिवशी पाटी दिली.” आणि मग माझ्या डब्यातली अंबाडीची भाजी स्वतःच्या डब्यात ओढून घ्यायचे.

त्यांचा ठरलेला प्रश्न एकच. तुम्ही कितीही मन लावून काही केलंत, रंग भरून, सावल्या घालून पडद्यावर फिरवून दाखवलंत, तरी ते चष्मा वर करून विचारायचे, “हात कुठून जाणार?” पडद्यावर वस्तू एकमेकींतून भुतासारख्या आरपार जातात. खरी बोटं तशी जात नाहीत. हे मला कळायला माझं पहिलं यंत्र जावं लागलं. मी सेलसाठी अगदी नेमका कप्पा केला होता, केसभर फट नाही. नमुना तयार होऊन आल्यावर काका तो घेऊन मला खाली जोडणी विभागात गेले आणि लक्ष्मीसमोर ठेवला. लक्ष्मी तिथली सर्वांत जुनी. तिने सेल आत घातला, काढायला गेली, आणि तिचं नख मुळापासून मोडलं. ती मला म्हणाली, “मॅडम, अंदर गया सो गया. अब ये बाहर कैसा आता, बोलो?” काकांनी वर येऊन माझ्या फाईलमध्ये त्या कप्प्याला नाव दिलं, ‘लक्ष्मीचं नख’. ते नाव मी पुढे दोन वर्षं रोज वाचलं.

दुसरी त्यांची खोड साबणाची. नवं यंत्र आलं की कॉम्प्युटर उघडायच्या आधी ते बेगम बाजारात जाऊन कपडे धुवायच्या साबणाच्या लांब वड्या आणायचे आणि घरी बसून चाकूने त्या यंत्राच्या मापात कापायचे. मग एक वडी मला, एक लक्ष्मीला, एक रखवालदाराला. आठ दिवस ती खिशात, पर्समध्ये, हातात वागवायची. हैदराबादचा उन्हाळा, हाताला घाम. साबण जिथे हात लागेल तिथे झिजायचा. “बघा, साबण खोटं बोलत नाही,” असं म्हणून ते झिजलेल्या जागा मोजायचे आणि त्या पडद्यावर उतरवायचे. माझ्या पर्सला, रुमालाला आणि एकदा तर डब्यातल्या पोळ्यांनाही तो वास लागला होता. रखवालदाराने त्याची वडी तिसऱ्याच दिवशी अंघोळीला वापरली. काका त्याच्यावर जेवढे चिडले तेवढे कुठल्या साहेबावर चिडल्याचं मला आठवत नाही.

मग आमच्याकडे फेररचना सुरू झाली, आणि ती संपेचना. आधी आमचं खातं सर्किटवाल्यांत मिसळलं. वर्षाने पुन्हा वेगळं काढलं. नंतर बाळानगरची आमची शेड सोडून मादापूरच्या काचेच्या इमारतीत गेलो, तिथे जोडणी विभागच नव्हता, लक्ष्मी आणि तिच्या बायका शेडबरोबर मागे राहिल्या. दर वेळी दारावरची पाटी बदलायची, गळ्यातल्या ओळखपत्राची पट्टी बदलायची. निळी होती ती हिरवी झाली, हिरवीची नारिंगी. दर वेळी नवे साहेब येऊन आपण सगळे एक कुटुंब आहोत असं सांगायचे आणि दोन महिन्यांनी कुटुंबातली सहा माणसं कमी व्हायची. आम्ही काम करत होतो, पण काम करायचं कारण संपत चाललं होतं. कुणी फेररचनेचा नवा तक्ता पाठवला, की ‘यात आपण कुठल्या चौकोनात’ एवढंच बघून बंद करायचा. काका तर तक्ता उघडतही नसत. “आपला चौकोन गेला की ते सांगतील, आपण कामून शोधायचा?” असं म्हणायचे. पण त्यांच्याही खांद्यांचा ताठा त्या वर्षांत गेला. दुपारी ते खुर्चीतच डोळे मिटून बसायचे आणि विचारलं तर म्हणायचे, “दमलो नाही. थांबलोय.”

त्याच काळात रक्त तपासायचं यंत्र आलं. खेड्यातली नर्सताई पिशवीत घालून गावोगाव नेईल, गरोदर बाईच्या बोटातून थेंब घेऊन तिथेच सांगेल की अंगात रक्त किती, असं. काकांना ते फार आवडलं. मी तेव्हा बाळंतपणाच्या रजेवर होते, त्यामुळे ते जवळजवळ त्यांनी एकट्याने केलं. त्यांच्या सगळ्या आयुष्यातलं सर्वांत मोठं झाड ते. मी परतले तेव्हा त्यात दीडशेच्या वर ओळी होत्या. “सवडीनं वाचा,” ते म्हणाले. सवड कसली? घरी तान्हं मूल आणि ऑफिसात नारिंगी पट्टी.

सगळे त्यांच्यावर खूश होते असं नाही. ही मराठी नावं कुणाला वाचता येत नाहीत, म्हणजे काकांना कुणी काढू शकत नाही, ही नोकरी पक्की करायची युक्ती आहे, असं काही जण म्हणायचे. मी ते काकांच्या कानावर घातलं. मला वाटलं चिडतील. ते म्हणाले, “हौ, थोडं तसंबी हाय.” नव्या साहेबांचंही फार चुकत होतं असं मी म्हणणार नाही. सभ्य माणूस होता. सगळ्या फाईली आता बंगळूरच्या केंद्रात जाणार होत्या. तिथे मराठी कोण वाचणार? त्यांनी हुकूम काढला: सगळी नावं ठरलेल्या इंग्रजी साच्यात. आणि त्याच महिन्यात काकांना ‘स्वेच्छेने’ निघून जायचा कागद दिला.

शेवटच्या दिवशी कॅन्टीनमध्ये मिरची भजी आणि चहा झाला. काकांनी भाषण केलं नाही. नारिंगी पट्टी गळ्यातून काढून तिची नीट घडी घातली आणि टेबलावर ठेवली. मग मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, “पाटलीणबाई, नावं तुम्हालाच पुसायला लावतील. पुसा, त्याचं काही नाही. रक्ताच्या यंत्राचं झाड मात्र पुसायच्या आधी एकदा वाचून घ्या. शेवटपर्यंत.”

“वाचते, काका.”

“शेवटपर्यंत हां.”

“हो म्हटलं ना,” मी म्हणाले. थोडी वैतागूनच म्हणाले असेन.

बंगळूरहून एक छोटा प्रोग्रॅम आला. फाईल उघडायची, बटण दाबायचं, सगळी नावं एका दमात बदलतात. चाळीसेक फाईली होत्या आणि त्या शुक्रवारी संध्याकाळपर्यंत द्यायच्या होत्या. पुढच्या यादीत माझं नाव आहे अशी कुजबुज होती. मुलाला दोन दिवस ताप होता. दुपारी जेवण झाल्यावर मी रक्ताच्या यंत्राची फाईल उघडली. वरची चार-पाच नावं वाचली. एकात ‘स्पर्श’ की ‘वर्षा’ असं काहीतरी होतं, ते नीट लागलं नाही. खाली नजर टाकली तर ओळीच ओळी, सगळ्या लांबलचक, काळ्या मुंग्यांसारख्या. आधी बाकीच्या उरकू, मग ही सावकाश वाचू, असं ठरवलं. बाकीच्या उरकता उरकता चार वाजले. मग मी बटण दाबलं. मला आठवतं, ‘रिब चौदा’, ‘खांब नऊ’ अशी एकसारखी आखूड नावं पटापट उमटत गेली तेव्हा मला बरं वाटलं होतं. घर झाडून काढल्यावर वाटतं तसं.

वर्ष झालं असेल. रक्ताची यंत्रं गावांतून परत येऊ लागली. पिशवीतून किंवा हातातून पडलं की पडद्याची काच आतून फुटायची. पहिल्या खेपेची यंत्रं पडूनही धड होती. नंतरची, बंगळूरने थोडी हलकी केलेली, फुटत होती. काच फुटली की आकडा दिसत नाही, आणि आकडा दिसला नाही की नर्सताई त्या बाईला काय सांगणार? बैठक झाली. जुनं आणि नवं कवच शेजारी शेजारी ठेवलं. बारीक पाहिल्यावर फरक सापडला, सेलच्या मागची एक पातळ रिब, प्लास्टिकची बरगडीसारखी पट्टी, नव्यात काढून टाकलेली होती. बंगळूरच्या मुलाचा आवाज फोनवर आला, “सर, वो रिब वहाँ थी कायकू, किसी को मालूम नहीं था. कुछ पकड़ के नहीं थी. इसलिए निकाल दिए.” साहेबांनी विचारलं, आणखी अशा किती गोष्टी काढल्या आहेत? त्याने सात सांगितल्या. त्या कशासाठी होत्या? कुणालाच माहीत नव्हतं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी बरकतपुऱ्याला गेले. गल्लीच्या टोकाला दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खिडकीत साबणाची एक कोरलेली वडी, सुकून तडकलेली. काका पलंगावर उशीला टेकून बसले होते. खूप वाळले होते. काकूंनी दाराशीच हळू सांगितलं, “मूत्रपिंडाचं हाय. आठवड्यातून दोनदा न्यावं लागतंय.” मला हे माहीत नव्हतं. मी वर्षभरात एकदाही फोन केला नव्हता.

“या पाटलीणबाई. पट्टी कुठल्या रंगाची आता?”

“पांढरी.”

“वा. आता पुढं रंग उरला नाही.”

बाळाची चौकशी झाली, चहा आला. मग मी सांगितलं, रक्ताच्या यंत्राच्या फाईलमधली नावं हवी आहेत. सर्व्हर बदलताना उडाली. हे खोटं मी पायऱ्या चढतानाच तयार करून ठेवलं होतं.

काकांनी कप बाजूला ठेवला. “उडाली?”

“हो.”

“उडायच्या आधी वाचली होती ना?”

“हो, काका.”

“मग लिहून घ्या,” ते म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले. उजव्या हाताचं मधलं बोट चादरीवर हळूहळू मागेपुढे होऊ लागलं. माउसचं चाक फिरवत होते. आणि वरच्या ओळीपासून ते झाड सांगायला लागले. “नर्सताईची पिशवी, बाहेरचं माप. हात इथून जातो, डावखुऱ्या बाईचाबी. ओल्या बोटाचा स्पर्श, म्हणून बटण खोल नको.” ती ‘स्पर्श’वाली ओळ मी ओळखली आणि मान खाली घातली. मी पाठकोऱ्या कागदांवर लिहीत होते, माझी अक्षरं वेडीवाकडी, जोडाक्षरं अर्धी. एरवी त्यांनी थट्टा केली असती. मध्ये काकू औषध द्यायला आल्या तर त्यांनी हातानेच थांबा म्हटलं. “ही बरगडी काढली तर पडताना सेल मागं सरकतो अन् काचेला आतून बसतो. पाच वेळा पाडून पाहिलं, पाचही वेळा.” मी लिहिलं. सातच्या सात कारणं आली. त्यातल्या एकाचं कारण होतं, ‘याचं कारण विसरलो, पण काढू नका’. मी हसले आणि मग हसू टिकवता आलं नाही.

तास होऊन गेला होता. त्यांचं बोट थांबलं.

“झालं. शेवटी एक नुसता बिंदू हाय. यंत्रात त्याचं काम नाही काही. त्याचं नाव तुमच्यासाठी होतं.” त्यांनी डोळे उघडले. “ते वाचलंच असेल तुम्ही.”

माझ्या हातात पेन होतं. आधीच्या खोट्याला हे चिकटून आलं होतं, ते सोडवायला थोडी हिंमत लागली असती, आणि त्या दुपारी माझ्यात ती नव्हती.

“हो,” मी म्हणाले.

“मग ते लिहायला नको,” काका म्हणाले, आणि गार झालेला चहा त्यांनी पिऊन टाकला.

बरगडी परत बसली. बाकीच्या सहाही गोष्टी परत बसल्या. यंत्रं फुटायची थांबली. साहेबांनी माझं कौतुक केलं आणि पुढच्या यादीत माझं नाव आलं नाही. मी साहेबांना सांगितलं की हे सगळं वाघमाऱ्यांनी आठवून सांगितलंय. ते म्हणाले, “हाँ हाँ, वो पेडवाले. अच्छे आदमी थे.” काका तेव्हा जिवंत होते. त्या हिवाळ्यात गेले.

मी भेटायला गेले तेव्हा काकूंना विचारलं, काकांची एखादी वही, एखादा कागद? काकू म्हणाल्या, “कागद कुठला, बाई. सगळं त्या कॉम्प्युटरात.” बाळानगरच्या शेडमधले जुने कॉम्प्युटर मी शोधत गेले. ते कधीच भंगारात गेले होते. बंगळूरला विचारलं, जुनी प्रत आहे का? त्यांच्याकडे रिब चौदा आणि खांब नऊ आहेत.

नंतर मी मराठी वाचायला लागले. रोज थोडं, आधी मुलाच्या गोष्टींची पुस्तकं, मग मोठी. हे लिहितेय तेही त्याच हट्टाने. माझ्या प्रत्येक फाईलमध्ये आता मी कारणं लिहिते, इंग्रजीत आणि खाली मराठीत, कुणी हसलं तर हसू देते. शेवटी एक रिकामा बिंदू ठेवते. त्याला नाव देत नाही, कॉम्प्युटर देतो ते राहू देते.

काय लिहिलं असेल, याचा विचार मी पुष्कळ केला आहे. कधी वाटतं थट्टा असेल, अंगठेबहाद्दर पाटलीणबाई शेवटपर्यंत पोचल्या, असली. कधी वाटतं, दमला असाल तर उद्या करा, असं असेल. काहीही असू शकतं. त्या दुपारी मी नुसतं ‘नाही’ म्हणाले असते तरी काका रागावले नसते. डोळे मिटून, बोट चादरीवर ठेवून, त्यांनी तेही सांगितलं असतं.